पाठ केलेलं शहर

धाकटी बहीण दहावीची परीक्षा देऊन माझ्याकडं राहायला येणार, असं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाळूजच्या कंपनीत लागून चार महिने झाले होते. या चार महिन्यांत मी जितक्या वेळा घरी फोन केला तितक्या वेळा शहराबद्दल काही ना काही फेकलं होतं. इथलं सगळं मला ठाऊक झालंय, रिक्षावाले ओळखतात, कुठलाही पत्ता विचारा, असं. खरं म्हणजे मला तीनच जागा ठाऊक होत्या. बजाजनगरातली आमची खोली, कंपनी, आणि कंपनीची बस जिथं थांबायची तो कोपरा. रविवार झोपण्यात आणि कपडे धुण्यात जायचा. औरंगाबाद म्हणतात ते शहर तिकडं पूर्वेला आहे, असं मी ऐकून होते. एकदा मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेले होते, तेवढंच.

त्या वर्षी आमच्या पिशोरकडं होळीलाच विहिरी तळाला गेल्या होत्या. आबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून गेले होते. घरी आई, चार शेळ्या आणि धाकटी. आई म्हणाली, "चार दिस तुझ्याकडं राहू दे तिला. पोरगी टँकरच्या रांगंत उभी राहून कोळसा झाली. जरा शहर दाखव."

मी म्हटलं, "पाठव की. सगळं दाखवते."

फोन ठेवला आणि खोलीतल्या जालन्याकडच्या मैत्रिणीपुढं हात जोडले. ती तीन वर्षं इथं होती. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पानामागं मला शहराचा नकाशा काढून दिला. इथं रिक्षातून उतरायचं, इथं पत्र्याच्या चहाच्या टपरीपासून डावीकडं वळायचं की शहागंज, तिथून सरळ की घड्याळाचा मनोरा. दहावीला भूगोल केला नव्हता इतक्या मनापासून मी तो नकाशा पाठ केला, आणि बहिणीच्या हाती लागू नये म्हणून डाळीच्या डब्याखाली ठेवला.

ती आली. पंधरा वर्षांची, माझ्याहून दोन बोटं उंच झालेली, डोक्याला भरपूर तेल आणि हातात भाकरीचं गाठोडं. बसस्टँडवरून खोलीकडं येताना ती नुसती बाहेर बघत राहिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. माळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते आणि त्यावर उद्यानांचे, सरोवरांचे बोर्ड लावले होते.

"सरोवर कुठंय?" तिनं विचारलं.

"होणार आहे," मी म्हटलं.

"पाणी कुठून आणणार?"

आमच्या खोलीतही नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. ते नेमकं ती आली त्याच दिवशी संध्याकाळी आलं. तिनं गाठोडं ठेवलं, ओढणी कमरेला खोचली आणि आम्ही तिघी हंडे शोधत होतो तोवर निम्मी टाकी भरून टाकली. आमच्या खोलीतली तिसरी, बीडकडची मैत्रीण म्हणाली, "हिला ठेवून घेऊ गं." पाहुणचाराचा पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिला मॉलमध्ये नेलं. माझा हुकमी एक्का होता सरकता जिना. गावाकडं मी त्याचं फार वर्णन केलं होतं. फक्त मी स्वतः त्यावर कधी पाय ठेवला नव्हता, मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा चप्पल तुटल्याचं निमित्त करून शेजारच्या साध्या जिन्यानं चढले होते, एवढं मी सांगितलं नव्हतं.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "मी बघते कसं जायचं ते."

मागं माणसं थांबली होती. मी रबरी कठड्याला धरलं. हात वर निघाला, पाय खालीच राहिले. मग एक पाय ठेवला, तो दोन पायऱ्यांच्या मधोमध पडला, आणि पायऱ्या वेगळ्या होऊ लागल्या तशी मी पुढच्या बाईच्या पर्सला लटकले. त्या बाई भल्या होत्या. वर पोचेपर्यंत त्यांनी मला धरून ठेवलं. वर जाऊन वळून बघते तर धाकटी शेजारच्या साध्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत माझ्या आधी येऊन उभी होती.

"यानं काय होतं?" तिनं मनापासून विचारलं. "पाय दुखत्यात काय शहरातल्या माणसांचे?"

उतरताना आम्ही दोघी साध्या जिन्यानं उतरलो. तिनं हसू दाबलं असावं, कारण ती सारखी काचेतल्या बाहुल्यांकडं तोंड वळवत होती.

तिसऱ्या दिवशी शहागंज. तिला आईसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. मी नकाशा मनात म्हणत रिक्षातून उतरले, ठरल्याप्रमाणे चालले, आणि पत्र्याची टपरी आलीच नाही. रस्ता रुंद करायला तिथली निम्मी घरं पाडली होती. एका घराची पुढची भिंत गेली होती आणि आतली निळी खोली, खुंटीसकट, रस्त्यावर उघडी पडली होती. टपरीच्या जागी विटांचा ढीग होता. मी तरी डावीकडं वळले. तिथून आणखी एकदा वळले. गल्ली अरुंद होत गेली. ऊन असं की सावली भिंतीला चिकटून बसलेली.

"ताई, रस्ता चुकलीस व्हय?"

"नाय गं. हा शॉर्टकट आहे."

"ह्या दारावरनं दुसऱ्यांदा चाललो आपण. हिरवं दार. त्याला घोड्याचा नाल ठोकलाय."

मी थांबले. "मला नाय ठाऊक रस्ता," मी म्हटलं. "मला काहीच ठाऊक नाय इथलं. नकाशा पाठ केला होता."

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला कालच कळलं व्हतं. चल, पाणी मागू."

हिरवं दार तिनंच वाजवलं. एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. आमची तोंडं बघून त्यांनी काही न विचारता आत घेतलं, माठातून दोन पेले भरले. दुष्काळाच्या दिवसांत पेला काठोकाठ भरून देणारं माणूस लक्षात राहतं. "बैठो बेटा, धूप भोत है," त्या म्हणाल्या. आम्ही अंगणाच्या कडेला टेकलो. पलीकडं पोत्याच्या आडोशाला एक गाभण शेळी आडवी पडून कण्हत होती.

धाकटीनं अर्धा पेला तसाच खाली ठेवला.

"खाला, ये कब से ऐसी है?"

तिचं हिंदी ऐकून मी बघतच राहिले. पिशोरच्या बाजारात आबांबरोबर शेळ्या घेऊन बसायची तेव्हा शहरातून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ते उचललं होतं तिनं.

"सुबू से," म्हातारी म्हणाली. "घर में मर्दां कोई नई. डॉक्टर कू फोन लगाए, वो शाम कू आता बोलरा."

"शाम तक नई टिकती," धाकटी म्हणाली आणि बाह्या वर केल्या. "साबण, गरम पाणी आणि गोडं तेल. ताई, तू मुंडकं धर."

मी माझा एकुलता एक चांगला ड्रेस घातला होता, पिस्त्याच्या रंगाचा. खरं सांगायचं तर या वासापासून लांब जायलाच मी कंपनीचा फॉर्म भरला होता. खोलीतल्या मैत्रिणींना मी सांगितलं होतं की आमची शेती आहे. शेळ्या-मेंढ्यांचं नाव काढलं नव्हतं. पण हात आपोआप गेले. मी जमिनीवर बसले, शेळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि आई करते तसं तिच्या कानामागं चोळू लागले.

"एक पाय मागं दुमडलाय," धाकटी डोळे मिटून, बोटांनी बघत म्हणाली. "कळ जाऊ दे. आता धर. घट्ट."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेळीनं माझ्या मांडीला दोनदा शिंगं मारली. मग एकदम सैल पडली, आणि धाकटीच्या हातात एक काळं, ओलं करडू आलं. तिनं त्याच्या नाकपुड्या पुसल्या, पाय धरून झटकलं. ते शिंकलं. पाठोपाठ दुसरं आलं, ते विनासायास. ते पांढरं होतं, कान फक्त काळे.

म्हातारीनं धाकटीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "कौन है बेटा तुम लोगां?"

मी म्हटलं, "मैं वाळूज में कंपनी में हूं."

धाकटी हात धुता धुता म्हणाली, "हम बकरीवाले है, खाला. पिशोर के."

मला वाटलं होतं मला लाज वाटेल. तशी वाटली नाही. मी म्हटलं, "हौ. मेरी छोटी बहन है."

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खिचडी आणि आंबट-तिखट खट्टा. मग म्हाताऱ्या बाई स्वतः बुरखा घालून आम्हाला बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोचवायला आल्या. ते दुकान त्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. आम्ही दोनदा त्याच्या पाठीमागून गेलो होतो.

त्या संध्याकाळी खोलीत धाकटीनं सगळी गोष्ट रंगवून सांगितली. मी स्टोव्हपाशी पाठ करून भाजी चिरत होते, पण कान तिकडंच होते. बीडकडच्या मैत्रिणीनं विचारलं, "तुला पण येतं का गं हे?"

"येतं," मी म्हटलं. "हिच्याइतकं नाय. पण येतं."

"मग इतके दिवस बोलली नाहीस कधी."

जालन्याकडची म्हणाली, "अगं, नकाशा तरी बरोबर होता का?" आणि माझ्याऐवजी धाकटीच हसत सुटली.

चौथ्या दिवशी मला दुपारची शिफ्ट होती, म्हणून सकाळीच तिला स्टँडवर सोडायला गेले. पिशोरची गाडी लागलेली होती. तिनं खिडकीची जागा पकडली. मी खाली उभी राहून सूचना द्यायला लागले. नीट जा, आईला सांग, निकाल लागला की लगेच फोन कर, अकरावीसाठी इकडंच बघू आपण, माझ्याबरोबर राहा. हे शेवटचं मी ठरवून बोलले नव्हते, तोंडून निघून गेलं. उत्तर आलं नाही म्हणून मी टाचा उंचावून बघितलं. तिनं गजांना डोकं टेकवलं होतं आणि ती गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, मांडीवर बांगड्यांचा पुडा दोन्ही हातांनी धरलेला.

ड्रायव्हर चढला. मी शेजारच्या सीटवरच्या मावशींना सांगितलं, "हिला पिशोरला उठवा." त्या म्हणाल्या, "मी पण तिथंच उतरणार आहे, काळजी करू नको." गाडी निघाली. मी हात हलवायला वर केला होता, तो तसाच थोडा वेळ हलवला आणि वाळूजच्या रिक्षाकडं वळले.