फर्स्ट-एड रूममधला कॉम्प्युटर

दांडी गावातल्या एका माणसाची छाती आमच्या कारखान्यात बिघडली, याची एकमेव लेखी नोंद मी माझ्या हातानं पुसली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐन वेळी मी काही चांगलं करीन अशी आशा कुणी ठेवायला नको. मी दुष्ट बाई नाही. मला पाच चाळीसची बस पकडायची होती, एवढंच.

माझं काम विचाराल तर कॉम्प्युटरवर विंडोज मारणं, म्हणजे नव्यानं घालणं. करारपत्रात त्याला लांबलचक नाव आहे, पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे एकच म्हणतात, "मॅडम, इसको विंडोज मार दो." केमिकलची कंपनी. ऑफिस, लॅब, स्टोअर, गेट मिळून दीडशेच्या आसपास कॉम्प्युटर, आणि ते चालते ठेवायला मी एकटी. तीही कंपनीची नाहीच. मला पुरवणारा ठेकेदार वेगळा. दर मार्चमध्ये माझा करार पुढं सरकतो, आणि तो सरकेपर्यंत फेब्रुवारीभर मी सगळ्यांशी फार गोड बोलते. राहायला पालघरला आहे. कंपनीची बस सकाळी नेते, संध्याकाळी आणून सोडते.

त्याआधी चार वर्षं मी बोईसरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. प्रत्येक बॅचकडून पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घोकून घ्यायचे: सी ड्राइव्हमध्ये आपलं काही ठेवायचं नाही, विंडोज मारलं की सी उडतं; जे जपायचं ते डी मध्ये. गल्लोगल्लीच्या क्लासात हेच शिकवतात, आणि तेव्हा ते खरंही होतं. एका बॅचमध्ये दांडीची एक बाई होती, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे, ती मला मॅडम. मी बोललेलं प्रत्येक वाक्य ती वहीत उतरवून घ्यायची. मी शिंकले असते तर तेही लिहिलं असतं तिनं.

पुढं मी कंपनीत लागले तर ताई तिथल्या फर्स्ट-एड रूममध्ये बसलेली. तीही ठेकेदारीवरच. कुणाच्या डोळ्यात काही उडालं तर डोळे धुवायचे, भाजलं तर मलम लावायचं, धाप लागली तर ऑक्सिजन द्यायचा, आणि कोण कधी काय होऊन आलं ते लिहून ठेवायचं. तिचा नवरा त्याच प्लांटमध्ये ड्रायरवर होता. ओली पावडर सुकवून पिंपात भरायचं काम. तोंडाला फडकं बांधून करायचं, कारण मास्क फक्त बाहेरचे साहेब पाहणीला येणार असले की निघायचे. त्याला धाप लागली की सोबतचे धरून आणायचे, ताई पंधरा मिनिटं ऑक्सिजन लावायची, आणि तो परत ड्रायरवर जायचा.

असल्या गोष्टी सेफ्टीवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढत नाहीत. तिथं गाडीत घालून दवाखान्यात नेलेल्यांचीच नोंद होते. बाकी सगळं ताईच्या रजिस्टरात. मग एक वर्षी कंपनीला कागदाचं वावडं झालं आणि जुनी रजिस्टरं रद्दीत काढायचं ठरलं. ताईनं ती जाण्याआधी महिनाभर, दुपारचा डबा उरकून, एकेक पान स्कॅन केलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यापुढच्या नोंदी ती एक्सेलमध्ये करत गेली. सगळं एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डर अर्थात डी ड्राइव्हमध्ये.

मी त्या मशिनला हात लावला तोवर तिचा नवरा खोकून खोकून अर्धा झाला होता. चार पावलं चालला की बसायचा. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार कामातूनच झालाय असं त्यांना लिहायचं असेल, तर कंपनीतली जुनी नोंद लागेल. तसं लिहून मिळालं की पुढचे उपचार आणि घरची भाकरी, दोन्हींची सोय होणार होती. कंपनीचा डॉक्टर म्हणत होता, बिडी ओढत असेल, नाहीतर घरात चुलीचा धूर असेल. त्या माणसानं जन्मात बिडी ओढली नव्हती, आणि घरात गॅस होता. पण ताई निवांत होती. "माज्याकडं तारखेनिशी हाय सगळं," ती म्हणाली होती. हे तिनं मला कँटीनमध्ये, समोरासमोर बसून सांगितलं होतं, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच सुमारास मुंबईच्या हेड ऑफिसमधून हुकूम आला. विंडोज दहाचे दिवस भरले, सगळीकडे अकरा चढवा. अकरा म्हणजे नुसतं अकरा नाही. एक तयार साचा, ज्याला आम्ही इमेज म्हणतो, तो नेटवर्कवरून प्रत्येक मशिनवर उतरवायचा. तो उतरताना अख्खी डिस्क साफ करतो, सी आणि डी दोन्ही, आणि वर तिला कुलूप घालतो. एकदा झालं की जुनं काही देवालाही काढता येत नाही. तसा मेल सगळ्यांना गेला होता, दोनदा, झकास इंग्रजीत: आपापल्या फाइल सर्व्हरवर ठेवाव्यात. ठेकेदारीच्या माणसांना ना मेल होता, ना सर्व्हरवर जागा.

मी हेड ऑफिसच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, आमच्याकडची माणसं सगळं डी मध्ये ठेवतात.

"मेल गेलाय ना?"

"गेलाय."

"मग?"

रोज बारा मशिन व्हायलाच हवीत, एवढं बजावून त्यांनी फोन ठेवला.

बारा मशिन एका बाईनं करायची म्हणजे काय, ते करून बघा. म्हणून मी एक पद्धत पाडली, आणि ती पद्धतच शेवटी नडली. प्रत्येक मशिनमागे एक कागद भरायचा असायचा: 'माझा सर्व डेटा मला परत मिळाला आहे', खाली वापरणाऱ्याची सही. काम संपायला दीड तास लागायचा, तोवर माणूस जागेवर कुठला सापडायला? मग मी सही आधीच घ्यायची. सगळे द्यायचे. विंडोजवाल्या मॅडमनी कागद पुढं केला की कुणी वाचत नाही, कारण वाचून तरी काय करणार. शंभरएक सह्या मी अशा गोळा केल्या आणि एकाही माणसानं विचारलं नाही की अजून काही दिलंच नाहीत, तर मिळालं कसं.

फर्स्ट-एड रूम त्या दिवशी बारावी होती. पाच वाजून गेले होते. मी डी उघडलं, फोल्डर दिसला. एक फाइल उघडून बघितली. तारीख, नाव, खातं, काय त्रास, काय दिलं. नीट, एकही रकाना रिकामा नाही, मी क्लासात शिकवलं होतं तशी वरची ओळ ठळक केलेली. तिच्या नवऱ्याचं नाव एकाच पानावर तीनदा होतं. मी माझ्या लॉगिननं तो फोल्डर सर्व्हरवर कॉपी करायला टाकला. तसं करायची परवानगी नव्हती, पण टाकला. स्कॅन केलेली पानं जड, मशिन म्हातारं. पडद्यावर आलं, चाळीस मिनिटं बाकी. मी घड्याळ बघितलं. बस चुकली तर बोईसर स्टेशनपर्यंत रिक्षा, मग गाडी, मग परत रिक्षा, आणि घरी सासूबाईंचं तोंड. मी मनाशी म्हटलं, सेफ्टीवाल्यांकडं असेलच की हे सगळं. ते तसं नसतं हे मला माहीत होतं. मी कॅन्सल दाबलं.

ताई तेव्हा कपाटातली औषधं मोजत होती. माझ्याकडं पाठ होती.

"माजं सगळं डी मध्येच हाय, मॅडम," ती म्हणाली. "तुमीच शिकवलंत ना."

मी हसले आणि कागद पुढं केला. तिनं सही केली, खाली तारीखही घातली. मी इमेज चालू करून दिली आणि बस पकडली. खिडकीची जागाही मिळाली.

सकाळी तिचा फोन. "मॅडम, डी दिसत नाय."

"बघते," मी म्हणाले. आमच्या धंद्यात या शब्दाइतका उपयोगी शब्द नाही. त्यात नकार नसतो आणि होकारही नसतो. पहिल्या आठवड्यात बघते, दुसऱ्या आठवड्यात हेड ऑफिसला विचारते, महिन्यानं जुनं बॅकअप शोधते. कसलं बॅकअप अन् कसलं काय. ताईचा माझ्यावर एवढा विश्वास की ती मला आठवणही संकोचून करायची, माझा वेळ जाऊ नये म्हणून. त्या विश्वासाचा मला राग यायचा. एकदा तरी शिव्या घातल्या असत्या तर मी खरं सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. कदाचित नसतंही सांगितलं.

मग दवाखान्यानं कंपनीला पत्र घातलं आणि कंपनीचं उत्तर गेलं: आमच्या नोंदींनुसार सदर कामगार प्रथमोपचार कक्षात कधीही आलेला नाही. ताईनं ऑफिसात जाऊन सांगितलं की फाइल होती, कॉम्प्युटर बदलताना गेली. त्यांनी तिच्यापुढं तिचीच सही ठेवली. सर्व डेटा मला परत मिळाला आहे.

त्या दिवशी ती माझ्याकडं आली. रडली वगैरे नाही. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी फाइल बघितलीत ना? मग एवढंच लिवून द्या. फाइल होती, आणि तिच्यात त्यांचं नाव होतं. बाकी काय नको."

मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारायचं होतं? डोळे माझे, हात माझा, लिहायचं मी. पण मी हेड ऑफिसच्या साहेबांना विचारलं. फेब्रुवारी चालू होता. साहेब अगदी आपुलकीनं बोलले. "हे बघ, तुझं रिन्यूअल माझ्या टेबलावर आहे. तू कशाला यात पडतेस? कंपनीनं मागितलंय तेवढं लिही, काम कसं झालं त्याचं टिपण दे." मी टिपण दिलं. मेल दोनदा पाठवण्यात आला होता. वापरणाऱ्याच्या सहीनंतर काम पूर्ण झालं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. फाइल नव्हतीच असं लिही, असंही ऑफिसातल्या एकानं सुचवून बघितलं होतं. ते मात्र मी लिहिलं नाही, आणि तेवढ्यावर आठवडाभर स्वतःला फार ताठ कण्याची समजत होते. शरम वाटते आता.

मार्चमध्ये माझा करार पुढं सरकला. ताईचा सरकला नाही.

मे महिन्यात एका रविवारी मी दांडीला गेले. का गेले ते विचारू नका. माफी मागायला म्हणावं तर तोंडाशी शब्द तयार नव्हते. बोईसरहून रिक्षा केली, गावात घर विचारत गेले. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते. ताई घरी नव्हती. ती आता सासूची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसते, असं कळलं. दारात प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. त्यानं मला ओळखलं. आतून आईकडून दुसरी खुर्ची मागवली, मला सावलीत बसवलं. एवढं करून त्याला दम लागला, मग बराच वेळ तो नुसता श्वास घेत होता.

"एक इचारू?" तो म्हणाला. "घरात सगळे बोलतात, हिनं लिवलंच नसल. ऑफिसात बसून नुसती खुर्ची गरम केलीन. माजा भाऊ बोलतो, आई बोलते. ती काय बोलत नाय, गप ऐकते. तुमी खरं काय ते सांगा."

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "मी बघितलंय. तुमचं नाव एका पानावर तीनदा होतं. तारखा होत्या, वेळ होती, किती मिनिटं ऑक्सिजन दिला तेही होतं."

त्यानं आत तोंड करून आईला हाक मारली. "ऐकलंस? लिवलं होतं तिनं." म्हातारी दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडं बघितलं, आणि आत गेली. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. मलाही बरं वाटलं. त्या घरात खरं बोलायला मला काही किंमत मोजावी लागत नव्हती.

मग त्याला पुढचं सुचलं असावं. "मग तिकडं का नाय सांगितलंत हे?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. रस्ता विचारावा तसं विचारलं.

खोटं बोलायला जमलं असतं. हेड ऑफिस, नियम, सह्या, सगळं तयार होतं. पण त्या श्वासांपुढं मला ते रचता येईना.

"भीती वाटली," मी म्हणाले. "नोकरी जाईल म्हणून."

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी.

"मला पण वाटायची," तो म्हणाला. "धूळ दिसायची ना उडताना. तरी रोज आत जायचो."

पुढं काही म्हणणार होता, पण खोकला लागला. तो थांबेपर्यंत मी समोर बसून राहिले.