नावाला लागलेला भाऊ

किस्से काही जमवावे लागत नाहीत. बुलढाण्यातल्या आमच्या तीन खुर्च्यांच्या ऑफिसात एकाचं हसू ओसरत नाही तोच दुसरा दारात उभा! आम्ही मेसेजमधलं मराठी आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर बनवत होतो. गिऱ्हाईक एकच, बीबी गावचे भास्करराव आणि त्यांचं शेतकऱ्यांचं अ‍ॅप. ट्रायल फसली की ऑफिस बंद आणि मी पुण्याला. मला पुण्याला जायचंच नव्हतं. दिवसभर फोनकडे बघत नुसत्या येरझाऱ्या घालायचो.

*

पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरने लोकांची युजरनेमं चुकीचे शब्द ठरवली. जानेफळच्या '@कांदासम्राट'ला सुधारून नुसता 'कांदा' केला. त्याचा फोन आला, "कांदा राहू देला, मंग सम्राटानं काय बिघडवलं बे तुमचं?"

*

आमच्या गजाननने नियम घातला. @ दिसलं की त्या शब्दाला सुधारायचं नाही, अ‍ॅपच्या यादीतल्या नावाशी जुळवून निरोप त्या माणसाला पोचवायचा. तरी निरोप पोचेनात! टेस्टिंगवाल्या वैशालीने कारण शोधलं. आपली माणसं मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, तशी @ लावून मेन्शनही करत नाहीत. यादीत @रामदास, लिहिणारा लिहितो @रामदासभाऊ. गजानन म्हणाला, सांगून टाकू लोकांना, भाऊ लावू नका.

"तू पह्यले तुह्या सासऱ्याले नुसत्या नावानं टॅग कर," वैशाली म्हणाली.

गजानन 'भाऊ' चालेल असा कोड लिहायला बसला.

*

घाईत त्याने जुळवणी शब्दाच्या शेवटाकडून लावली, म्हणजे 'रामदास'च्या आधी 'भाऊ' तपासला जायचा. त्याच संध्याकाळी भास्कररावांनी मित्राला लिहिलं, '@रामदासभाऊ, उद्या जेवाले या, वाट पाह्यतो.' निरोप गेला '@भाऊ'ला. हे युजरनेम त्यांच्या थोरल्या भावाचं. बांधाच्या भांडणापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते!

आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर थोरले भाऊ धुतलेलं धोतर नेसून भास्कररावांच्या दारात पोचलेसुद्धा होते. गजानन कीबोर्ड बडवत होता. मी मनातल्या मनात बॅग भरली.

संध्याकाळी भास्कररावांचा फोन आला.

"ते भाऊचं दुरुस्त केलं का?"

"करूनच राह्यलो साहेब. माफ करा, आजच होते."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. ते हळूच म्हणाले, "भाऊ जेवून गेले. दोन दिवस हात नका लावू त्याले. वहिनी यायच्या राह्यल्या अजून."