श्वास कापलेलं गाणं

रेडिओ केंद्राच्या तळघरात गाण्यांच्या जुन्या तबकड्या एकतीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘तबकडीबाई’च म्हणत. तबकडीच्या खाचांवर कुणी बोट ठेवलेलं दिसलं, की शिपाई असो नाहीतर संचालक, त्याची खरडपट्टी ठरलेली.

नव्या साहेबांनी सगळी गाणी संगणकावर चढवून घेतली. खरखर काढली, आवाज वाढवला. तबकड्या आता भंगारात निघाल्या होत्या.

तेवढ्यात एक पन्नाशीची शिक्षिका केंद्रावर आली. तिची आई इथे गायची. लेक दोन वर्षांची असताना ती दम्याने गेली. आईचा आवाज लेकीला आठवतसुद्धा नव्हता. साहेबांनी तिला कौतुकाने नवी फाइल ऐकवली. कसा लखलखीत आवाज! शिक्षिकेने शेवटपर्यंत ऐकलं आणि चाचरत विचारलं, “छान आहे हो. पण आई मध्ये श्वास घेत नव्हती का?”

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा खाली जाऊन त्यांनी तबकडी आणली, फडक्याने पुसली आणि सुई टेकवली. आधी खरखर आली. मग बारीक शीळ घातल्यासारखा एक श्वास, आणि त्यातून हळूच, अगदी हळूच उचललेला सूर. शिक्षिकेने तोंडावर हात धरला.

“दम्यासकट गायची ती, साहेब! तुम्हाला तो कचरा वाटला?”

“बाई, तबकडीत काय जादू आहे? आजचं रेकॉर्डिंग जास्त स्वच्छ असतं.”

“जादूबिदू काही नाही! तबकडी झिजते, खरखरते, ते मला नका शिकवू. संगणकानेही हे जसंच्या तसं उतरवलं असतं. तुम्ही उतरवू दिलं नाहीत! हळू गायलेलं, मोठ्याने गायलेलं, सगळं ठेचून एका पातळीत आणलंत. उचलली कात्री आणि लावली गाण्याला!”

साहेब लालबुंद झाले. “परवा ट्रक येतोय,” एवढंच म्हणाले.

ट्रक आला तेव्हा बाई तळघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. “आधी मला उचला!” हमाल मागे सरले. ज्याने गाण्यांची ही साफसफाई केली होती तो ध्वनिमुद्रक मान खाली घालून पुढे आला.

“हुकूम होता, बाई.”

“हुकूम होता म्हणे! कान होते ना तुला?”

ट्रक रिकामाच परत गेला. त्याच दुपारी ध्वनिमुद्रकाने वरच्या कचेरीला सगळं लेखी कळवलं. शिक्षिकेनेही पत्र धाडलं. महिन्याभराने आदेश आला: तबकड्या राहतील, गाणी पुन्हा उतरवायची, काहीही न कापता. बाईंच्या हाती मात्र ताकीदपत्र पडलं. त्यांनी ते सर्वांसमोर टराटरा फाडलं, आणि निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभाला गेल्याच नाहीत.

अजूनही कुणी “जिंकलात हं, बाई” म्हटलं की त्या खवळतात. “कसलं जिंकले? पहिल्या दोन कपाटांतल्या तबकड्या आधीच वितळवून झाल्या होत्या. कुणाकुणाचे गळे होते त्यात, त्याची यादीसुद्धा ठेवली नाही मेल्यांनी!”