‘ड’ तुकडीतली पहिली सही

फॉर्मवाल्या बाई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागासाठी फॉर्म भरून घेत अठरा वर्षं दारोदार हिंडल्या. तोंडावर आपटलेलं दारसुद्धा त्या गोड बोलून पुन्हा उघडायला लावायच्या, म्हणूनच शाळेचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. मूल हुशार मुलांत बसलं की सुधारतं आणि ढ मुलांत बसलं की बिघडतं, की सगळं घरावरच असतं, हा विभागातल्या दोन प्राध्यापकांचा जुना वाद. मॅडम म्हणायच्या तुकडी, सर म्हणायचे घर. त्याचा सोक्षमोक्ष लावायचा तर तीन वर्षं एकाही मुलाची तुकडी बदलता कामा नये, आणि तशी पालकांची सही हवी.

‘ड’ म्हणजे ढ मुलांची तुकडी; तिथल्या मुलांच्या आया काही बधेनात.

“तुमची पोरगी असती तर?” एकीनं विचारलं.

बाईंची मुलगी त्याच तुकडीत होती. बाईंनी तिथल्या तिथे पहिली सही ठोकली. मग बाकीच्या अठ्ठावीस सह्या पटापट झाल्या.

हा शहाणपणा अंगाशी आला. ‘ड’मध्ये गणिताचे मास्तर महिना महिना फिरकत नसत. मुलगी आधी गृहपाठ चुकवू लागली, मग शाळाच. नववीत मुख्याध्यापक स्वतःहून म्हणाले, “‘अ’मध्ये एक जागा आहे. आणा तिला.”

बाई मॅडमकडे धावल्या. मॅडमचा चेहरा पडला.

“एक मूल हललं की सगळ्याच आया तुकडी बदलून मागतील हो. आजवरच्या कामावर पाणी पडेल. एवढं वर्ष काढा.”

बाईंना अठ्ठावीस आयांना तोंड दाखवायचं होतं. त्यांनी वर्ष काढलं. इथे त्यांची चीड येते, आणि कीवही. मुलीनं दहावीआधीच शाळा सोडली. आता ती खोक्यांच्या कारखान्यात चिकटपट्ट्या लावते आणि आईशी कामापुरतं बोलते.

विभागाच्या शेवटच्या बैठकीत बाई भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. फॉर्मवर नावं नसतात, नुसते नंबर. सरांनी एक फॉर्म वर धरला.

“हा सतरा नंबर बघा. आई दिवसभर बाहेर. उगाच तुकडीला कशाला दोष देता?”

मॅडम तावातावानं काही बोलणार, तोच बाई म्हणाल्या, “सतरा नंबर माझी मुलगी आहे.”

मॅडमनी मान खाली घातली. सरांनी मात्र पेन उघडलं.

“मग तर बरंच झालं. नक्की सांगा, आई घरी किती वाजता यायची?”

“सातला,” बाई म्हणाल्या. “तुमचे फॉर्म जमा करून.”

सरांनी ‘सात’ एवढंच लिहून घेतलं.