डोक्यावर दिवा असलेली मासोळी

माझा गाढवपणा ऐकायचाच म्हणता? मग चहा ओता आणि ऐका. माझं लग्न एका माशानं जमवलं. हसू नका, त्या दिवशी मलासुद्धा काही कळत नव्हतं!

नगरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मी समुद्राचे व्हिडिओ बघत बसायचो. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही शाळेच्या सहलीत, पण माहिती विचारा!

तर आई आणि मामांबरोबर आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतला मुलगी बघायला गेलो. वैशाली. आईबापांची एकुलती एक. बघताक्षणी मला पसंत! आता आपण त्यांना पसंत पडतो की नाही, एवढीच धाकधूक. मामांनी वाटेतच बजावलं होतं, "तू गप बस. असल्या बैठकीत सरळ कोनी बोलत न्हाई, समदं आडून आडून चालतं. मी बघतो."

पण तिच्या वडिलांनी, तात्यांनी, विषयच असा काढला! "शेततळ्यात मासं सोडल्यात आमी. तुमाला माशातलं लई कळतं म्हने?"

झालं. माझी गाडी सुटली.

"तात्या, खरा मासा खोल समुद्रात! तिथं ऊन पोचत नाही, नुसता काळोख. एक मादी डोक्यावर दिवा घेऊन फिरते. उजेड बघून बारके मासे जवळ आले की आ वासून गट्टम!"

"आन नर?"

"नर एवढासा, बोटाएवढा. वासावर मादीला हुडकत येतो, चावा घेऊन चिकटतो तो जन्मभर. तिच्याच रक्तावर जगतो. ना स्वतःचं घर, ना पोटापाण्याची काळजी. हळूहळू डोळेसुद्धा जातात. गरजच काय?"

मामांनी कपाळाला हात लावला. आई तर अशी बघायला लागली, जणू मी तिला एसटी स्टँडवर सोडून निघालोय. वैशाली ओढणीत तोंड लपवून हसत होती. बोललो तरी काय मी?

तात्या डोळे पुसत उठले. "पाव्हनं, येकच पोर हाय आमाला. मनात हुतं, पन इचारायला त्वांड उघडंना. तुमी किती रीतीनं सुचवलं!"

"काय सुचवलं?" मी मामांच्या कानात.

"घरजावई व्हतो म्हनून!"

"मी? कधी?"

"साखर आना गं!" तात्या आत बघून ओरडले.

"अहो, तो मासा..." म्हणायला तोंड उघडलं, तर आत साखर! पुन्हा उघडलं, पुन्हा साखर! आता नाही म्हणावं तर वैशाली हातची जाणार. गिळली मुकाट्यानं.

आता दुकान कर्जतलाच थाटलंय. आईचा राग गेलाय, लिंबं फुकट मिळतात म्हणते. अंधार पडल्यावर वीज आली की वैशाली डोक्याला बॅटरी बांधते आणि मोटर चालू करायला लिंबाच्या बागेत निघते. मला अंधाराची भीती, म्हणून मी मागं, तिच्या ओढणीचं टोक धरून.

आणि परवा मला चष्मा लागला.