ऑक्टोबरातली वाट

पाटोद्याच्या बसस्टँडामागं अशफाकचं मोटरसायकलींचं गॅरेज. बाप खाजामियाँ सायकली दुरुस्त करायचा, पोरगा मोटरसायकलींवर आला आणि तिथून रीलवर. डोंगरात भटकायचा नाद लहानपणापासूनचा. तीन वर्षांपूर्वी मोबाईल समोर धरून बोलत चालायला लागला आणि आता चाळीस हजार लोक त्याच्या मागं होते. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा धबधब्याचा रस्ता विचारून जायचं.

एक गोष्ट तो कुणाला सांगत नव्हता. शेळघळीतल्या धबधब्याची रील त्यानं गेल्या ऑक्टोबरात काढलेली. डोंगर हिरवा, ओढा घोट्याएवढा, त्यातूनच चालत आत जायचं. पण ऑक्टोबरात धबधबा बघतंय कोण? म्हणून दाबून ठेवली आणि श्रावण लागल्यावर पाण्याचा आवाज चढवून टाकली. सगळेच तसं करतात, असं तो स्वतःला सांगायचा.

रविवारी अकराला घरून बायकोचा, समिनाचा फोन आला. मशिनीवर शिवता शिवता कमेंटांना उत्तरं तीच द्यायची.

"अहो, ती लातूरची राजनंदिनी, चार दिवसांपासून वाट विचारायलीय बघा, ती शेळघळीच्या तोंडाशी पोचली. फोटो टाकलाय. पण मागं आभाळ लई काळं दिसायलंय."

फोटोत सहा जण दात काढून उभे. खाली लिहिलेलं, 'कपिलधारच्या धबधब्याला गर्दी! ग्रुपवर मतदान घेतलं, दादांची रील जिंकली.'

"तू काय उत्तर दिलतं तिला?"

"नेहमीचंच. बिनधास्त या म्हनून. तुमीच सांगितलतं तसं लिहायला."

अशफाकनं हातातला पाना टाकला. इथं कडक ऊन होतं, पण पठारावर पाऊस पडला की तासाभरात घळीत लोंढा उतरतो, हे त्याला पक्कं ठाऊक. राजनंदिनीला फोन लावायला नंबर नव्हता, आणि घळीत रेंज नसते, हेही त्यानंच रीलमध्ये कौतुकानं सांगितलेलं.

मोटरसायकल दामटत तो घळीच्या तोंडाशी पोचला, तेव्हा तिथं शेळ्या राखणारी भिवराबाई त्यांना वर हाकलत होती.

"मावशी, पोरं?"

"गेली की आत. म्या म्हनलं, पानी यायलंय रे लेकरांनो. तर मलाच मोबाईल दावला. ह्यो दादा गेला न्हाई का, म्हनले." तिनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "तूच हायेस की रं त्यो!"

तो धावला. काठाकाठानं, करवंदीत हात ओरबाडून घेत. वळणावर पोरं दिसली, ओढ्याच्या मधोमध.

"वर या! काठावर चढा!"

"अरे, अशफाकदादा!" पोरं खुशीनं ओरडली. राजनंदिनीनं मोबाईल त्याच्यावर धरला. "दादा, आमच्यासोबत एक घ्या ना!"

त्यांना वाटलं, हाही रीलचाच भाग. पाण्यावरून पिवळा फेस आणि पालापाचोळा यायला लागलेला.

"खोटं हाय ते! ऑक्टोबरातलं हाय! पानी आलंय, वर व्हा बे!"

'खोटं' या शब्दानं मोबाईल खाली आला. पाच जण धडपडत काठावर चढले.

"रामेश्वर आत आहे," राजनंदिनीचा आवाज फाटला. "कपारीत. रीलमध्ये तुम्ही जिथं बसला होतात तिथं."

अशफाक ओढ्यात उतरला. पाणी मांडीला लागलं. कपारीत रामेश्वर कानात गाणी घालून मजेत बसलेला. त्याची कॉलर धरून ओढला तेव्हा तो आधी चिडला, मग पाणी बघून पांढरा पडला. दोघं काठाशी पोचेस्तोवर ते कमरेला आलं. वरून चार हात खाली आले. ओढून घेतल्याबरोबर मागून धाडधाड आवाज झाला आणि कपार दिसेनाशी झाली.

राजनंदिनी म्हणाली, "दादा, तुम्ही तर लिहिलं होतं, बिनधास्त या."

"लिहिलं."

त्यानं आपला मोबाईल काढला. पाण्यानं बंद पडलेला. "तुझा धर माझ्यापुढं. रेंज आली की टाक." आणि धापा टाकत तो बोलला, "मी अशफाक. शेळघळीत येऊ नका. ती रील ऑक्टोबरातली हाय. श्रावणात मी खोटी टाकली."

"दादा, लोक फाडून खातील तुम्हाला."

"खाऊ दे."

खालून मोटरसायकलींचे हॉर्न ऐकू आले. दोन, मग तिसरा. कुणीतरी रीलमधल्या त्याच्याच ढबीत ओरडलं, "पोचलो रे शेळघळीत!"

अशफाक उठला आणि तसाच ओल्या अंगानं घसरत, ओरडत खाली पळत सुटला.