डावा मुंढा

शिंप्याला स्वतःच्या बायकोच्या अंगात चोळी घालता येईना, म्हणून मुलगी तिला चेन्नईला न्यायला निघाली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यामुळे लिहिलेलं बोलल्यासारखं वाटेल. वाटू दे.

बायकोला झटका आला आणि डावं अंग गेलं. बोलणं राहिलं, जीभ थोडी जड झाली एवढंच. बोलणं राहिलं म्हणजे टोमणेही राहिले. तिला अंघोळ घालणं, भरवणं, साडी गुंडाळणं सगळं मी शिकलो. चोळी मात्र जमेना. रोज सकाळी बाही चढवताना ती अशी ओरडायची की समोरच्या मामी दारात येऊन उभ्या राहायच्या. "काय हो, मारता की काय तिला?" असं त्यांनी एकदा भर रस्त्यात तमिळमध्ये विचारलं. पन्नास वर्षं या तमिळ गल्लीत मान वर करून राहिलेला मराठी शिंपी मी.

व्यायाम करवायला एक नर्सबाई यायच्या. मला तात्ता, म्हणजे आजोबा म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "तात्ता, दुखऱ्या हातात बाही आधी घाला. चांगला हात मागनं आपोआप येतो."

"अम्मा, मी जन्मभर चोळ्या शिवल्या. चोळी कशी चढवायची ते मला नका शिकवू," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीही उजवाच हात आधी घातला.

मुलगी आली, तिनं हे एकदा पाहिलं. "अप्पा, पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येते. आईला तिकडे नेते. बाई ठेवीन."

"बाई काय करील जे मी करत नाही?"

"बाई तिच्यावर खेकसणार नाही."

बायकोला चेन्नईला जायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या हाताखाली रोज ओरडायचंही नव्हतं.

नर्सबाईंनीच सांगितलं की जवळच्या तिरुविडैमरुदूर गावी एक निवृत्त मास्तर आहेत, बौद्ध. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना ते रविवारी ध्यानाला बसवतात. आम्ही विठोबाची माणसं. पण माझे आजोबा विठोबालाच बौद्ध अवतार म्हणत, तेव्हा पाप लागायचं कारण नव्हतं. मामींना बायकोजवळ बसवलं आणि बस धरली.

मास्तरांच्या ओट्यावर सात-आठ जण चटईवर. श्वासाकडे बघा म्हणाले. मला गुडघ्याशिवाय काही दिसेना. मग म्हणाले, आधी स्वतःसाठी म्हणा, मी सुखी होवो. ते मी म्हटलं नाही. स्वतःसाठी मागायची मला सवय नाही. मग घरच्या आजारी माणसाचं नाव घेऊन म्हणा, तिचं दुःख दूर होवो. ते मात्र टाके मोजावेत तसं मोजून वीस वेळा म्हटलं.

सोमवारी सकाळी ती पुन्हा ओरडली. माझं डोकं फिरलं. "तुझं दुःख दूर होवो म्हणून काल गुडघे मोडून घेतले, आणि तू ओरडतेस?"

"झालं असेल दूर," ती म्हणाली. "तिरुविडैमरुदूरला. इथपर्यंतची बस चुकली असेल त्याची."

तिसऱ्या रविवारी मी मास्तरांना सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचं औषध लागू पडत नाही."

मास्तर रागावले नाहीत. त्याचाच मला राग आला. ते म्हणाले, "दुःख दूर करा हे पुढचं. बुद्धानं आधी सांगितलं, दुःख आहे, ते पुरतं ओळखा. बायकोला कुठे दुखतं?"

"डाव्या अंगात."

"डाव्या अंगात कुठे?"

"सगळीकडेच."

"ऐय्या, गिऱ्हाईक चोळी परत घेऊन आलं आणि म्हणालं सगळीकडेच चुकलीय, तर तुम्ही काय कराल?"

कुणीतरी हसलं. मी उठलो आणि चालता झालो. बसमध्ये मनातल्या मनात मास्तरांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आलो तेव्हा ती झोपली होती. मामी गेल्या. मी खाटेशेजारी बसलो, तेही मास्तरांना खोटं पाडायला. माझ्या श्वासाचा मला कंटाळा आला होता, म्हणून तिचा बघत बसलो. उजवी बाजू वर यायची, खाली जायची. डावा खांदा जागचा हलत नव्हता. तो दोन बोटं उतरला होता आणि पुढे झुकला होता. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाचा असा खांदा मी लांबून ओळखला असता. दंड सुजलेला. काखेत मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, शिवण रुतून लाल वळ उठलेला, दोरी आवळल्यासारखा.

झटक्यानंतर मी तिला तीन नव्या चोळ्या शिवल्या होत्या. सगळ्या जुन्या मापानं. आमच्या काळी शिंपी बायकांच्या अंगाला टेप लावत नसे. बायका मापाला जुनी चोळी आणून द्यायच्या. हिची तर तीही कधी लागली नाही, सगळं डोक्यात होतं. त्याचाच मला अभिमान.

ती जागी झाली. "काय बघता?"

"मुंढा काचतो?"

"काचतो."

"केव्हापासून?"

"तुम्ही शिवल्यापासून."

"मग सांगायचं नाही?"

"रोज सकाळी काय मी भजन म्हणत होते? आणि तुमच्या शिलाईला नाव ठेवलं की तुम्ही दोन दिवस ताटावर बसत नाही."

मास्तर ज्याला करुणा म्हणतात ते माझ्या मनात त्या घडीला नव्हतं. लाज होती, आणि लाजेच्या मागोमाग राग. कुणावर ते कळेना, म्हणून टेप शोधताना फळीवरचे डबे आपटले. मग तिच्या दंडाला टेप लावला.

"आता माप घेता? लग्नाआधी घ्यायचं," ती म्हणाली.

तिन्ही चोळ्यांचा डावा मुंढा उसवला, काखेत तुकडा जोडला, बाही पूर्ण उघडून तिला हूक लावले. तुकडा दुसऱ्या रंगाचा चालणार नाही म्हणाली. दोन दुकानं फिरून रंग जुळवला. सकाळी डावा हात आधी घेतला, नर्सबाई म्हणाल्या तसा. उचलायच्या आधी विचारलं, "उचलू?" ती "थांबा" म्हणाली की थांबलो. थांबणं फार जड जातं मला. त्या दिवशी ती दोनदा ओरडली. मी एकदा.

महिन्यानं मुलगी गाडी घेऊन आली. चोळी घालताना दारात हाताची घडी घालून उभी राहिली, परीक्षा घ्यायला आल्यासारखी. अर्धा तास लागला. मग म्हणाली, "आई, काय करायचं?"

"पोंगलपर्यंत बघते," बायको म्हणाली. "हे परत खेकसले तर फोन करीन. तेव्हा ये."

मुलीसमोर! दुकानात नवा कारागीर महिनाभर अजमावायला ठेवावा तसं! तोंडाशी आलेलं मी गिळलं, डोळे मिटले, श्वास मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार.

"अहो, उगीच डोळे मिटून उभे राहू नका," ती म्हणाली. "पदर घसरलाय."

मी पदर सरळ केला. मुलगी दुपारी रिकामी गाडी घेऊन परत गेली.